मुलांची आरोग्य-प्रश्नावली मराठीत आणताना या चुका टाळा

‘गेल्या महिन्यात आपल्या पाल्यास शारीरिक क्रियाकलाप करताना अडचण जाणवली काय?’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. सरकारी परिपत्रकात ते सहज खपून जाईल. पण इंदूरच्या राजेंद्र नगरातली एखादी आई घ्या. तिची शाळा हिंदीत झालेली, सासूबाईंशी ती मराठीत बोलते आणि मुलाशी दोन्हीची सरमिसळ करून. ती ‘पाल्यास’पाशी थबकते, ‘क्रियाकलाप’ हिंदीच्या आधाराने ओळखते आणि शेवटी काउंटरवर विचारते, “मतलब खेलने-कूदने में ना?” हो, तेच. मग ‘खेळता-पळताना त्रास होतो का?’ एवढंच छापलं असतं तर काय बिघडलं असतं?

दवाखान्यातला इनटेक फॉर्म, प्रबंधासाठी घेतलेली जीवनमानाची प्रश्नावली, शाळेतल्या तपासणीचा कागद, हे काम बहुतेकदा ‘जरा याचं मराठी करून दे’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडतं. खालच्या सूचना त्या माणसासाठी आहेत. इंदूरची मराठी होळकरांच्या काळापासूनची. रामबागेत आणि लोकमान्य नगरात ती आजही घरोघरी ऐकू येते. पण इथली बरीच मुलं मराठी बोलतात, देवनागरी वाचतात आणि तरी मराठी वाचत नाहीत. त्यांच्या डोळ्यांना सवय असते ती हिंदी पुस्तकाची. निम्म्या चुका इथेच उगवतात.

हिंदीच्या डोळ्यांनी वाचलं जाणारं मराठी

इतर मुलं त्रास देतात का, हा प्रश्न मुलांच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत असतो. ‘मुलं माझी चेष्टा करतात’ असं लिहिलं की मराठी वाचणाऱ्याला नेमकं कळतं. हिंदी वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला मात्र ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. ‘चिडवतात’ लिहा, हिंदीतल्या ‘चिढ़ाना’मुळे तो तिलाही कळतो. ‘शिक्षा’ आपल्याकडे छडी, हिंदीत शिक्षण. ‘जुलाब’ म्हणजे मराठीत आजार, हिंदीत पोट साफ व्हायचं औषध. ‘तुम्ही बाळाला जुलाब झाल्यावर काय दिलं’ आणि ‘जुलाब दिला का’ यांची सरमिसळ झाली, तर डॉक्टरही गोंधळतील. त्यापेक्षा ‘२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली का?’ असं सरळ विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची अतिसाराची व्याख्याही तीच आहे, दिवसात तीन किंवा अधिक पातळ शौच.

सगळ्यात घातक शब्द ‘बहुधा’. मराठीत तो अंदाज सांगतो, हिंदीत वारंवारता. उत्तराच्या पर्यायांत तो आला की संपलंच, एकाच रकान्यात दोन अर्थांच्या खुणा पडतात.

आजारांच्या नावांचं उलटं असतं. लसीकरणाचा कागद इथे हिंदीत मिळतो, त्यामुळे तरुण आईबापांना खसरा, पीलिया, काली खांसी, गलघोंटू ठाऊक असतात. गोवर, कावीळ, डांग्या खोकला, घटसर्प ही नावं आजीला विचारावी लागतात. ‘मराठी फॉर्ममध्ये हिंदी शब्द कशाला’ असा आग्रह इथे सोडून द्यावा. ‘गोवर (खसरा)’, ‘गालगुंड (गलसुआ)’ असं दोन्ही छापा. भाषेची शुद्धता जपायला दुसऱ्या जागा आहेत.

मराठीचे स्वतःचेही सापळे आहेतच. ‘मूल ऐकत नाही’ याचा घरातला अर्थ ‘हट्टी आहे’ असा होतो. कानांबद्दल विचारायचं असेल तर ‘ऐकू येतं का’ हवं. ‘शाळा बुडवली का?’ यात आरोप आहे. आजारपणामुळे जाता आलं नाही असं विचारायचं असताना हा शब्द वापरला, तर मूल आईकडे बघून ‘नाही’ म्हणतं. आणि ‘आपण’! आईला तो आदरार्थी वाटतो, सात वर्षांच्या मुलाला ‘आपण सगळे’ असा ऐकू येतो. मुलाला ‘तू’, पालकांना ‘तुम्ही’, बस.

तो/ते ची तिरकी रेघ

‘मी पळतो/ते, मी थकतो/ते, मी रडतो/ते.’ नुकतं वाचायला शिकलेलं मूल या तिरक्या रेघेवर अडखळतं आणि मोठ्याने वाचून दाखवणाराही अडखळतो. मुलगा आणि मुलगी असे दोन वेगळे फॉर्म छापणं हा सोपा उपाय. त्याहून चांगला उपाय मराठीनेच देऊन ठेवला आहे. शरीराला आणि मनाला जे होतं ते आपण ‘मला’ लावून सांगतो. मला भीती वाटते, मला राग येतो, मला धाप लागते, मला पळायला जड जातं. यात बोलणाऱ्याचं लिंग येतच नाही. ‘मी काळजी करतो/करते’ऐवजी ‘मला काळजी वाटते’ घ्या, तिरकी रेघ गेली आणि वाक्यही मुलाच्या तोंडचं झालं. फक्त ‘मला पळता येत नाही’ असं लिहू नका. ‘येत नाही’ म्हणजे शिकलेलो नाही, असाही अर्थ निघतो. सायकल चालवता येत नाही, पोहता येत नाही, त्याच रांगेत ते जाऊन बसतं.

‘गेल्या महिन्यात’ म्हणजे कधी?

२० ऑगस्टला फॉर्म भरणारी आई ‘गेल्या महिन्यात’ वाचून जुलै आठवते. प्रश्नकर्त्याला हवे असतात आजपर्यंतचे ३० दिवस. ‘मागच्या आठवड्यात’चंही तेच, कुणी सोमवार ते रविवार धरतं, कुणी सात दिवस मोजतं. ‘आजपासून मागचे ७ दिवस’ हे जरा रुक्ष वाटेल, पण फसवत नाही. स्वतःच्या दवाखान्याचा फॉर्म असेल तर तारीख टाकायला कोरी जागा ठेवा, ‘___ तारखेपासून आजपर्यंत’. लहान मुलाला तारखाही उपयोगाच्या नसतात. त्याला एखादी ठळक खूण द्यावी लागते, रंगपंचमीची गेर (मिरवणूक) झाल्यापासून, किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखावे) पाहिल्यापासून. ‘काल’ आणि ‘परवा’ टाळाच. हिंदीत ‘कल’ दोन्हीकडे जातो, आणि आपला ‘परवा’ही काही कमी नाही.

पर्यायांची उतरंड पाचाची असेल तर ती मोठ्याने वाचून पाहा: कधीच नाही, जवळजवळ कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ नेहमी. आता यावर नकारार्थी प्रश्न ठेवा, ‘मला झोप लागत नाही’, आणि उत्तर ‘कधीच नाही’. कधीच झोप लागत नाही, की असं कधीच होत नाही? मोठ्यांनाही सांगता येणार नाही. ‘मला झोप लागायला त्रास होतो’ केलं की गुंता सुटतो.

दुखतंय, पण कसं?

इथे मराठी श्रीमंत आहे. ठणकतं, ठुसठुसतं, कळ येते, मुरडा येतो, चुणचुणतं, आग होते, टोचतं, जड होतं. ओटीवरच्या आजीला यातला प्रत्येक शब्द वेगळा माहीत असतो. इंदूरच्या मुलाला मात्र बहुधा दोनच माहीत असतात, ‘दुखतंय’ आणि ‘दर्द होतंय’. म्हणून मुलांच्या फॉर्ममध्ये हे वैभव मिरवू नये. पालकांच्या भागात ‘कळ’ आणि ‘मुरडा’ ठेवा. मुलाला ‘दुखतं का?’ विचारा आणि शरीराचं चित्र देऊन जागा दाखवायला सांगा. ‘मळमळ’ही अनेकांना परकी वाटते, ‘उलटीसारखं वाटतं का?’ पटकन कळतं. ताप आणि कणकण यांतला फरक मात्र आईला विचारण्यासारखा आहे. थर्मामीटर न लावताही तिला त्याचा अंदाज असतो. थर्मामीटर लावला असेल तर आकडा फॅरनहाइटमध्ये लिहायला सांगा. आपल्याकडे ‘शंभरच्या वर गेला’ असंच बोललं जातं, ३८ सेल्सिअस कुणाच्या तोंडी नसतं.

किती दुखतंय ते चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून सांगायच्या पट्ट्या वापरताना भाषांतरकार बहुधा सूचनेत घसरतो. वाँग-बेकर पट्टीत पहिला चेहरा हसरा आणि शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू. ‘फेसेस पेन स्केल’च्या २००१ मधल्या सुधारित रूपात हसू आणि अश्रू दोन्ही काढून टाकले आहेत. कारण उघड आहे. पाय दुखतोय पण मावशी आली म्हणून खूष असलेलं मूल हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतं. त्या सुधारित पट्टीच्या सूचनेत ‘आनंदी’ आणि ‘दुःखी’ हे शब्द वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. आणि आपण मराठी करताना खाली कौतुकाने ‘आनंदी चेहरा’, ‘दुःखी चेहरा’ असं छापून मोकळे होतो. ‘हा चेहरा म्हणजे अजिबात दुखत नाही, हा म्हणजे खूप खूप दुखतं’, एवढंच सांगायचं असतं.

श्वासाच्या तक्रारींना तर शब्दही अपुरे पडतात. छातीतून येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज विचारायचा असतो आणि फॉर्मवर ‘घरघर’ छापलं जातं. घरघर सर्दीने भरलेल्या बाळाच्या छातीतही असते, आणि आजी-आजोबांच्या कानाला तो शब्द शेवटच्या घटकेचा वाटतो. हा घोळ फक्त मराठीचा नाही. नव्वदच्या दशकात ‘आयझॅक’ या मुलांच्या दम्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात याच अडचणीपोटी १३-१४ वर्षांच्या मुलांना लेखी प्रश्नांच्या जोडीला व्हिडिओ दाखवून विचारण्याची सोय होती. आपण निदान ‘श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का?’ असं लिहावं आणि विचारणाऱ्याने तो आवाज काढून दाखवावा. लाजू नये.

जिथे हात लावायचा नाही

आपल्या दवाखान्याचा फॉर्म आणि प्रमाणित मोजपट्टी यांत फरक आहे. ‘पेड्सक्यूएल’ ही मुलांच्या जीवनमानाची जेम्स वार्नी यांची प्रश्नावली २३ प्रश्नांची. तिचं वितरण फ्रान्समधली मापी रिसर्च ट्रस्ट करते. ‘एसडीक्यू’ ही मुलांच्या वागण्या-भावनांबद्दलची प्रश्नावली रॉबर्ट गुडमन यांची, १९९७ ची, २५ प्रश्नांची. परवानगीशिवाय तिचं भाषांतर करता येत नाही. त्यामुळे पेन उचलण्याआधी अधिकृत मराठी आवृत्ती आहे का ते विचारा. असली आणि तिचं मराठी पुणेरी वाटलं, तरी परस्पर शब्द बदलू नका. अडचण लिहून प्रश्नावलीच्या मालकांना कळवा. पेड्सक्यूएलमध्ये एक ‘ब्लॉक’ चालून जाण्याबद्दलचा प्रश्न आहे. अमेरिकेतला ब्लॉक राजवाड्याच्या बोळांत कुठे शोधायचा? मनाने ‘एक किलोमीटर’ लिहिलंत तर अंतर कितीतरी पट वाढतं, आणि बरं मूलही ‘जड जातं’ म्हणतं.

गोड बोलण्याची सवयही इथे महागात पडते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपणाऱ्या सुधारित ‘एम-चॅट’मध्ये २० प्रश्न आहेत. बहुतेक ठिकाणी ‘नाही’ हे उत्तर धोक्याची खूण असतं, फक्त २, ५ आणि १२ क्रमांकांना ‘हो’ ही धोक्याची खूण. दुसरा प्रश्न मूल बहिरं असेल अशी शंका कधी आली का, असा आहे. आईला वाईट वाटेल म्हणून कुणी तो ‘बाळाला नीट ऐकू येतं ना?’ असा वळवला, की गुण उलटे पडले. वर तो ‘ना’ उत्तर आधीच सुचवतो.

कोण भरतंय?

पेड्सक्यूएलमध्ये पाच वर्षांपासून मूल स्वतः उत्तर देतं, आणि ५ ते ७ वयाला मोठ्या माणसाने वाचून दाखवायचं असतं. आपल्याकडे आई वाचते, आईच उत्तर देते, आजी दुरुस्त करते. दम्याच्या नियंत्रणाची ४ ते ११ वर्षांच्या मुलांची चाचणी हे सरळ वाटून देते, सातपैकी चार प्रश्न मुलाचे, तीन पालकांचे. मराठी फॉर्मवरही तसंच ठळक लिहा: ‘हे प्रश्न मुलाला विचारा. उत्तर त्याचंच लिहा, पटलं नाही तरी.’ मुलाचं आणि आईचं उत्तर वेगळं आलं म्हणून भाषांतर चुकलं असं समजू नका. दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, म्हणून तर दोघांना विचारायचं.

उलट भाषांतरावर विसंबू नका

मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी ताडून पाहतात. करावंच, ढोबळ चुका सापडतात. पण ‘श्वसनास अडथळा’ इंग्रजीत अगदी सुबक परत जातो, आणि मुलाला काही कळलेलं नसतं. पुस्तकी मराठी या परीक्षेत नेहमी पहिली येते. खरी परीक्षा वेगळी. अशा प्रश्नावल्यांच्या भाषांतराबद्दल ‘इस्पॉर’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते आठ प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना मजकूर दाखवून तपासायला सांगितलं आहे. मुलाला ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘हा प्रश्न छोट्या बहिणीला विचारायचा असेल तर कसा विचारशील?’ असं म्हणा. तो जे म्हणेल ते शब्दशः टिपून घ्या, हिंदीसकट.

भरलेले फॉर्म परत आल्यावर

एकाच प्रश्नाचा रकाना अनेकांनी कोरा सोडला असेल तर प्रश्न कळला नाही, किंवा चारचौघांत उत्तर द्यायला लाज वाटली. अंथरुण ओलं होण्याचा प्रश्न वेटिंग रूममध्ये आईसमोर कोण भरेल? सगळीकडे ‘कधी कधी’वर खूण असेल तर फॉर्म लांब झाला, नाहीतर पर्यायांतला फरक वाचताना पुसट झाला. लहान मूल सगळ्या प्रश्नांना शेवटचाच चेहरा दाखवत असेल तर सराव झालेला नाही. पेड्सक्यूएलच्या लहान मुलांच्या आवृत्तीत चुटकी वाजवायला अवघड जातं का, हा सरावाचा प्रश्न असतो. मूल चुटकी वाजवून बघतं, आणि त्याचं उत्तर खरं की खोटं ते तिथेच दिसतं. हा प्रश्न गाळून पुढे जाणाऱ्यांचे फॉर्म लगेच ओळखू येतात.

दुरुस्ती केलीत की फॉर्मच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख छापा, आणि काउंटरवरचा जुन्या झेरॉक्सचा गठ्ठा त्याच दिवशी उचला.