लोकर घेताना बोटभर धागा जाळून बघा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर ‘लोकर’ मागितली की बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा गुंडा हातात येतो. खात्री करायची तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या वाटीवर जाळा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि गार झालेली राख बोटानं चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, मागे काळा कडक मणी उरतो. बाळाच्या टोपड्याला मऊ अ‍ॅक्रिलिक चालतं, रोज धुताही येतं. पण ते घालून शेकोटीजवळ अजिबात नेऊ नका. धनगरी घोंगड्याची दख्खनी लोकर अस्सल, ऊबही भरपूर, पण जाडीभरडी; तान्ह्याच्या अंगाला टोचते. आणि सगळे गुंडे एकदमच घ्या, लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक, जुळवून. माझ्या निळ्या स्वेटरची एक बाही वेगळ्याच निळ्याची झाली, अजून डोळ्यांत खुपते.