सोलापुरात कीबोर्ड जोडताना : ग्रीस, स्टॅब आणि टॉवेलचे तंतू

पहिला कस्टम कीबोर्ड जोडताना बहुतेकांचे पैसे केस आणि कीकॅप्सवर जातात आणि ग्रीसच्या कामाला तासभरही मिळत नाही. मग ॲल्युमिनियमचा जड, देखणा बोर्ड तयार होतो आणि त्याचा स्पेसबार पत्र्याच्या डब्यासारखा खडखडतो. त्यापेक्षा साध्या प्लास्टिक केसचा हॉटस्वॅप बोर्ड घ्या, म्हणजे ज्यात स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये खोचता येतात असा, आणि स्विच (प्रत्येक कीखालचं बटण) व स्टॅबिलायझर किंवा स्टॅब (लांब की तिरपी होऊ न देणारी तारेची जोडणी) यांना दोन निवांत संध्याकाळी द्या. बोर्डचा आवाज आणि बोटाला लागणारी चाल बरीचशी तिथेच ठरते.

मराठी टाइप करणाऱ्यानं आकार विचार करून निवडावा. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, ट अवतरणचिन्हाच्या कीवर असतो, य स्लॅशवर, ड चौकटी कंसावर आणि ॉ बॅकस्लॅशवर. क्ष, ज्ञ, त्र, श्र शिफ्टसकट आकड्यांच्या ओळीत असतात. 40 टक्के आकाराच्या (पूर्ण कीबोर्डच्या मानानं छोट्या) बोर्डवर आकड्यांची ओळच नसते आणि कडेच्या बऱ्याच की गायब असतात, म्हणून तो दिसायला कितीही गोड असला तरी मराठीसाठी घेऊ नका. 65 टक्के आकारात हे सगळं शाबूत राहतं. तिथे एस्केप आणि बॅकटिक बहुधा एकाच कीवर येतात. पण इन्स्क्रिप्टमध्ये बॅकटिकवर ॊ आहे, म्हणजे द्रविड भाषांतल्या ऱ्हस्व ओची खूण, आणि मराठीला ती लागत नाही.

65 टक्के बोर्डला 67-68 स्विच लागतात. 75 मागवा, कारण दोन-चार पिना वाकणारच. स्टॅबिलायझर चार : बॅकस्पेस, एंटर आणि डावी शिफ्ट यांना 2यूचे (यू म्हणजे साध्या एका कीची रुंदी) तीन, स्पेसबारला 6.25यूचा एक. पीसीबीला (आतल्या सर्किटच्या पाटीला) स्क्रूनं बसणारे घ्या. स्विच पाच पिनांचे असतील आणि पीसीबीला तीनच पिनांची भोकं असतील, तर प्लास्टिकचे दोन जादा पाय नेलकटरनं तळाशी सपाट कापले की काम भागतं. धातूच्या पिनांना मात्र कटर लागू देऊ नका. पहिल्या खेपेला लिनिअर (मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारे) स्विचच घ्या, त्यांना ग्रीस लावताना चुकायला जागा कमी असते.

पार्सल आलं की काहीही जोडण्याआधी पीसीबी तपासा. यूएसबीनं संगणकाला लावा, व्हाया (कीबोर्डच्या की तपासायचं आणि बदलायचं सॉफ्टवेअर) उघडा, की-टेस्टर सुरू करा आणि प्रत्येक सॉकेटच्या दोन धातूच्या टोकांना चिमट्यानं एकदम स्पर्श करा. पडद्यावर ती की उजळली पाहिजे. पाच-सात मिनिटांचं काम आहे. सगळं जोडून झाल्यावर मेलेलं सॉकेट सापडलं, तर बोर्ड पुन्हा उसवावा लागतो आणि वस्तू परत करताना वादही होतो.

आता ग्रीस. लिनिअर स्विचला क्रायटॉक्स 205जी0, पाच मिलीची डबी एका बोर्डला पुरून उरते. स्प्रिंगला हेच लावा किंवा क्रायटॉक्स 105 हे पातळ तेल घ्या. सोलापुरात शिलाई मशीनचं तेल गल्लोगल्ली मिळतं, त्यामुळे तेच वापरायचा मोह होतो. वापरू नका. ते इतकं पातळ असतं की ओघळत स्विचमधल्या तांब्याच्या पत्तीपर्यंत जातं, धूळ धरून ठेवतं आणि थोड्या दिवसांत चाल पुन्हा कोरडी पडते.

जागा निवडताना एक गोष्ट सांभाळा : टर्किश टॉवेल पसरून त्यावर स्विच उघडू नका. आपल्याकडे घरोघरी तोच हाताशी असतो आणि बारीक स्प्रिंग त्यावर घरंगळत नाही, म्हणून बरा वाटतो. पण त्याच्या फाशांतून सुटलेला एखादा तंतू ग्रीसला चिकटून आत गेला, की ती की कायम खरखरते. पांढरा कागद किंवा स्टीलचं ताट घ्या. पंखा बंद ठेवा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच करायचं. उन्हाळ्यात डबीतल्या ग्रीसवर तेल सुटून वर आलेलं दिसतं. ते ओतून देऊ नका, टूथपिकनं नीट ढवळून एकजीव करा.

ब्रश 0 किंवा 00 नंबरचा. ओपनरनं स्विच उघडा. चेरी कंपनीच्या घडणीचे आणि कैल्ह कंपनीचे बॉक्स स्विच वेगवेगळ्या तोंडाच्या ओपनरनं उघडतात. ब्रश ग्रीसमध्ये टेकवून डबीच्या काठावर दोनदा निपटा. मग खालच्या कव्हरच्या आतल्या दोन उभ्या खाचा, त्यानंतर स्टेमच्या (कीकॅप बसतो त्या वरखाली होणाऱ्या दांड्याच्या) चारी बाजू. स्टेमचे दोन पाय जिथे पत्तीला घासतात तिथे नावापुरता हात फिरवा. स्प्रिंगची फक्त दोन्ही टोकं. प्लास्टिकवर नुसती ओली चमक दिसली पाहिजे. पांढरा थर दिसला तर जास्त झालं, पुसून घ्या. जास्त ग्रीसनं की जड आणि चिकट होते, आणि ते पत्तीच्या जोडावर गेलं तर दाब कधी लागतो, कधी लागत नाही. टॅक्टाइल स्विच (दाबताना मध्ये अडखळणारे) घेतलेच असतील तर पायांना अजिबात लावू नका, अडखळवणारा उंचवटा तिथेच असतो आणि ग्रीसनं तो बोथट होतो. क्लिकी (टिकटिक वाजणारे) स्विच तर उघडूच नका.

सत्तर स्विचना हात बसलेला असला तरी दोन-तीन तास लागतात. पहिले दहा झाले की थांबा, एकेक कानाजवळ धरून दाबा, आणि सगळ्यांचा आवाज सारखा आला तरच पुढे जा. शेवटच्या वीस स्विचना घाईत कमी ग्रीस लागतं आणि ते टाइप करताना लगेच कळतं. ते दुसऱ्या दिवसावर टाकलेलं बरं.

स्टॅबिलायझर हा सगळ्यात चिवट भाग. आधी तार काढून मोबाइलच्या काचेवर ठेवा आणि एका टोकाला बोटानं टिचका. दुसरं टोक टकटकलं तर तार पिळलेली आहे. पकडीनं अगदी थोडी उलटी वाकवा, पुन्हा काचेवर ठेवा, आणि दोन्ही टोकं सपाट बसेपर्यंत हेच करत राहा. हे टाळून कितीही ग्रीस भरलं तरी एका बाजूचा टकटकाट राहतोच. मग स्टॅबिलायझरच्या प्लास्टिकच्या घराच्या आतल्या भिंतींना आणि सरकत्या भागाला 205जी0, आणि तारेची टोकं जिथे आत शिरतात तिथे सिरिंजनं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा थेंब. तारेला जाड ग्रीसच हवं. बसवताना स्क्रूखाली दिलेले वॉशर विसरू नका, नाहीतर स्क्रूचं डोकं पीसीबीच्या रेषांना टेकून शॉर्ट होऊ शकतो. प्लेट (स्विच ज्यात अडकतात ती भोकांची पट्टी) बसवण्याआधीच त्या चार जागी स्विच आणि कीकॅप लावून आवाज ऐका. नंतर स्टॅब काढायचा तर प्लेटवरचे सगळे स्विच उपसावे लागतात.

आता जोडणी. आधी कोपऱ्यांतले चार स्विच बसवून प्लेट आणि पीसीबी एका ओळीत आणा, मग बाकीचे. प्रत्येक स्विच दाबताना मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेट पीसीबीवरून उखडतं आणि मग सोल्डर करायला लागतं. एखादी की चालली नाही तर दहांपैकी नऊ वेळा पिन आत दुमडलेली असते. स्विच काढा, चिमट्यानं पिन सरळ करा, परत लावा. पीसीबीच्या पाठीवर मास्किंग टेपचे दोन थर दिले तर आवाज थोडा भरीव होतो. ब्लूटूथच्या बोर्डवर अँटेनाची जागा सोडून द्या. केसचे स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे आवळा. सगळं होऊनही टेबल घुमत असेल तर बोर्डखाली सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घाला. टॉवेलच्या तंतूंचा धोका इथे नाही, आणि जाड विणीनं टेबलाचा घुमारा बराच शोषला जातो.

देवनागरी अक्षरांच्या कीकॅप्स सहजी मिळत नाहीत. पारदर्शक स्टिकर लावले तर घामानं कडा सुटतात आणि तिथे काळी धूळ बसते. इन्स्क्रिप्ट बोटांनीच शिकावं, मधल्या ओळीतले प, र, क, त आणि हलन्त आठवड्याभरात हातात बसतात. विंडोजवर भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस एकत्र दाबावे लागतात, आणि मराठी-इंग्रजी मिसळून लिहिणाऱ्याला ते दिवसात शंभरदा करावं लागतं. व्हायामध्ये कॅप्स लॉकची की निवडा, स्पेशलमधल्या ‘एनी’वर जा, तिथे कॅपिटल अक्षरांत एल-जी-यू-आय आणि कंसात के-सी-अंडरस्कोर-एस-पी-सी लिहा. आता डाव्या करंगळीच्या एका दाबात भाषा बदलते. ही नोंद बोर्डच्या मेमरीत राहते, त्यामुळे तोच बोर्ड ऑफिसच्या विंडोज संगणकाला लावला तरी पुन्हा काही करावं लागत नाही.