शाळेची पवनचक्की: आधी वारा मोजा, मग पाती कापा

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून समोरच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, पवनचक्क्या दिसतात. पाटण तालुक्यात, वनकुसवड्याच्या बाजूला वाढलेल्या पोरांना त्यांचं काही अप्रूप नाही. तरी सातवीला विचारलं, पाती कशानं फिरतात, तर निम्मा वर्ग म्हणाला, "बाई, आत मोटर असते, लाइटवर फिरतात." घरचा पंखा तसाच फिरतो, त्यांचं तरी काय चुकलं!

शाळेत छोटी पवनचक्की करायची ती यासाठी. वर्गात दिवे लावायचे असतील तर सरळ सोलर पॅनल बसवा. स्वस्त पडेल आणि डोक्याला ताप नाही.

सुरुवात वारा मोजण्यापासून करा. चार प्लास्टिकचे पेले, दोन काड्यांचा क्रॉस, मधे खिळा. एक पेला लाल रंगवा, म्हणजे फेऱ्या मोजता येतात. आता फेऱ्यांवरून वेग कसा काढायचा? वारा पडलेला असताना पहाटे मी यजमानांच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि हे यंत्र उंच धरलं. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर 5 मीटर. त्या वेगाला आमच्या पेल्यांच्या 10 सेकंदांत 20 फेऱ्या भरल्या. तुमच्या वेगळ्या भरतील. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्या. दूधवाल्यानं विचारलं, "बाई, हे काय नवीन?" त्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

महिनाभर रोज सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना मोजून वहीत लिहायचं. ही वही पवनचक्कीपेक्षा मोलाची. आमच्याकडे आषाढात पेले दिसेनासे होतात, आणि ऑक्टोबर हिटमध्ये हलतसुद्धा नाहीत.

आता सामान. मोटर बाहेरून फिरवली की ती उलट वीज देते, म्हणून मी आधी खेळण्यातल्या गाडीची मोटर लावली आणि फसले. तिला मिनिटाला हजारो फेरे लागतात. आमची पाती कशीबशी दोनशे घेत होती. दिवा लागेना. भंगारवाल्याकडून जुन्या प्रिंटरची स्टेपर मोटर आणा. ती सावकाश फिरवली तरी वीज देते. तिला बहुधा चार वायरी असतात. जोड्या ओळखायला मीटर नको, बोटं पुरतात: कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून दांडा फिरवून बघा. जोडी जुळली की दांडा एकदम जड लागतो. हा प्रयोग प्रत्येक मुलाच्या हाताला द्या, घाई करू नका. वीज बाहेर निघायला लागली की फिरवणाऱ्याला जोर लावावा लागतो, हे फळ्यावर कितीही लिहा, बोटाला कळतं तसं कळत नाही.

एका जोडीला 220 ओहमचा रेझिस्टर (वीज आवरणारा छोटा भाग) घालून लाल आणि हिरवा असे दोन एलईडी उलटसुलट जोडा. हातानं हळू फिरवलं की लाल, हिरवा, लाल, हिरवा. एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, काय असते ते तिथेच दिसतं.

पाती चार इंची पीव्हीसी पाइपची. 35 सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरून चार फाका करा. तीन लावायच्या, एक राखीव. बुडाशी रुंदी तशीच ठेवून टोकाकडे तीन सेंटिमीटरपर्यंत तिरपं कापत जा. वारा कापणारी कड पॉलिश पेपरनं गोल करा, मागची पातळ. तिन्ही पाती प्लायवूडच्या चकतीवर सारख्या अंतरानं बसवा. चक्र हातात मोकळं धरल्यावर दर वेळी तेच पातं खाली येत असेल तर ते जड आहे, घासा.

इथे गणित येतं. 75 सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला 5 मीटरचा वारा साधारण 33 वॅट ताकद आणतो. वारा दुप्पट झाला की 264, म्हणजे आठपट. यातला 59 टक्क्यांहून जास्त वाटा कुठल्याच चक्कीला काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झनं 1919 च्या सुमारासच दाखवलं. आपल्या भंगारातल्या चक्कीला एखादा वॅट मिळाला तरी पेढे वाटा.

जागेची चूक माझीच. पहिली चक्की स्लॅबच्या कडेला बांधली. भिंतीवर आपटून वारा तिथे भोवरे घेतो. रात्रभर खडखड झाली आणि सकाळी एक पातं टाकीपाशी पडलेलं. नशीब, शाळा भरली नव्हती. आता मैदानाच्या मोकळ्या टोकाला पंधरा फुटी वेळू, तीन बाजूंनी ताण, आणि भोवती दहा पावलांवर चुन्याचं रिंगण. चक्की फिरताना आत कुणीही जायचं नाही, मुख्याध्यापकांनीसुद्धा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो, म्हणून पहिल्या वर्षी चक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवणारं शेपूट वगैरे नको. तोंड पश्चिमेला करून पक्की बांधा. वादळी दिवशी वायरींची जोडी जोडून टाकायची, म्हणजे चक्र जखडतं. तरी वारा आवरेना, तर वेळूच आडवा करायचा.

पालकांना बोलवा. आमच्याकडे एक आजोबा ठाम होते: "या पंख्यांनी ढग पळवले, म्हणून पाऊस कमी." हसू नका. सड्यावरची चक्की किती उंच आणि ढग किती वर, याचं चित्र पोरांनी त्यांना प्रमाणात काढून दाखवलं. आजोबांना पटलं नाही. मग पोरांनी वाऱ्याच्या वहीत पावसाचा रकाना वाढवला, आणि रोज मापकातलं पाणी आजोबाच वाचतात.