चार लाखांची मर्सिडीज आणि वातीतून चढणारं तेल: या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बोळात ही गाडी पहिल्यांदा वळवली तेव्हा दोन्ही आरसे मिटून घ्यावे लागले. २००५ ची मर्सिडीज ई-क्लास, ई २२० सीडीआय, म्हणजे डिझेल. नवी असताना तिशीच्या पुढे लाख मोजून कुणीतरी घेतलेली, मला सव्वाचार लाखांना मिळाली. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "अरे, एवढ्यात नवी छोटी गाडी आली असती की!"

आली असती. पहिल्याच वर्षी आणखी एक लाख साठ हजार घातले तेव्हा त्यांची आठवण झाली. चार टायर, बॅटरी, पुढच्या आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, झाडून सगळी तेलं. यातलं काहीही बिघाड म्हणावं असं नव्हतं. आधीच्या मालकाने टाळलेलं माझ्या वाट्याला आलं, इतकंच. गाडीचा भाव उतरतो, पण पार्ट त्या तीस लाखांच्या गाडीच्या भावानेच येतो. म्हणून खिशातले सगळे पैसे गाडीत घालू नका. सहा लाख असतील तर चारची गाडी बघा आणि दोन बँकेत राहू द्या.

आता गिअरबॉक्स, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. अहमदाबादहून एक्स्प्रेसवेने येताना आणंदच्या अलीकडे गाडी अचानक दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, तर ठीक. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी गाडी वर उचललीसुद्धा नाही. "गिअरबॉक्स गेला, ओव्हरहॉल करावा लागेल, पावणेदोन लाख."

मकरपुऱ्याकडे एक भाई आहेत, वीस वर्षं याच गाड्या करतात. त्यांनी आधी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि टिश्यूने पुसला. टिश्यू लालसर, ओला. या गाडीतला पाच गिअरचा ऑटोमॅटिक, कंपनीच्या भाषेत ७२२.६, तसा दणकट म्हणूनच ओळखला जातो. पण त्याच्या पोटात वायरिंग जातं तिथे तेरा पिनांचा एक प्लॅस्टिकचा सॉकेट असतो. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल पाझरतं. ते फक्त खाली ठिबकलं तर फार बिघडत नाही. पण दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं ते वायरच्या आतून वर चढतं आणि थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. कॉम्प्युटर गोंधळला की गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून मोकळा होतो. सॉकेट, तेल, फिल्टर, मजुरी मिळून माझे साडेअकरा हजार गेले. पावणेदोन लाख कुठे आणि हे कुठे!

याच गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर बदलावं लागत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. आयुष्य कुणाचं, ते विचारा. साठ हजार किलोमीटरला मी बदलतो, आणि मर्सिडीजने ठरवलेल्या दर्जाचंच तेल घालतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर 'फुस्-फुस्-फुस्' असा, जुन्या स्टोव्हला पंप मारताना यावा तसा आवाज येतो का? एसीच्या जाळीतून डिझेलच्या धुराचा वास येतो का? मग वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघा. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसेल. इंजेक्टरखाली तांब्याचा छोटा वॉशर असतो. तो नीट बसला नाही की सिलिंडरमधला गॅस बाजूने निसटतो आणि तिथेच जळून घट्ट होतो. माझ्या गाडीत तिसऱ्या इंजेक्टरभोवतीचा थर भाईंनी दाभणासारख्या हत्याराने पाऊण तास खरवडला, तेव्हा कुठे बोल्टचं डोकं दिसलं. वॉशरची किंमत शंभरच्या आत. पण दोन वर्षं दुर्लक्ष केलं की इंजेक्टर हेडमध्ये चिकटून बसतो, ओढून काढताना तुटतो, आणि नव्या इंजेक्टरला पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात. वॉशर बदलताना खालची बैठक साफ झालीच पाहिजे आणि धरून ठेवणारा बोल्ट नवा लागतो, कारण तो आवळताना ताणला जातो. जुनाच परत घातला तर तीन महिन्यांनी पुन्हा फुस्-फुस्.

ब्रेकच्या बाबतीत मात्र बचतीच्या नादी लागू नका. २००६ च्या मध्यात या मॉडेलमध्ये बदल झाले, त्याआधीच्या गाड्यांत एसबीसी नावाची इलेक्ट्रिक ब्रेक पद्धत आहे. तुम्ही पेडल दाबता, दाब पंप तयार करतो. पेडल किती वेळा दाबलं हे तो पंप मोजत असतो, आणि ठरलेला आकडा भरला की डॅशबोर्डवर वर्कशॉप गाठायचा इशारा येतो. तो इशारा पुसून देणारे लोक आहेत. त्यांना पुसू देऊ नका. पंप खरोखर बंद पडला तर पेडल खोल जातं आणि फक्त पुढच्या चाकांचा ब्रेक उरतो. याच पद्धतीतल्या दोषामुळे मर्सिडीजने २००४ मध्ये जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. नव्या पंपाचा खर्च लाखाच्या पुढे जातो, म्हणून असली गाडी घेण्याआधीच पंपाचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर बघून घ्या.

एकदा घाईत कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पॅड बदलायला थांबलो. "साहेब, पॅड तो दस मिनिटनुं काम छे," म्हणत पोरगा चाक खोलायला बसला. मी त्याचा हात धरला. एसबीसी बंद न करता कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) उघडला आणि तेवढ्यात कुणी गाडीचं दार उघडलं, तर पंप आपोआप जागा होतो आणि पिस्टन बाहेर येतो. बोट मध्ये असेल तर बोट गेलं. कंपनीच्या दर्जाच्या स्कॅनरने ती पद्धत आधी झोपवावी लागते. रस्त्यावरच्या दोन-तीन हजारांच्या स्कॅनरला इंजिनपलीकडचं फारसं दिसत नाही.

स्कॅनरचं आणखी एक. बिघाडाचा कोड निघाला म्हणून पार्ट बदलायचा, ही सवय महागात पडते. या गाड्यांत मोठी बॅटरी डिकीत असते. ती कमजोर झाली की ब्रेक, एअरबॅग, सस्पेन्शन, सगळे एकदम तक्रार करू लागतात. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. वीसेक हजारांत जे मिटतं त्यासाठी लोकांनी लाखभर घालवलेले मी पाहिलेत.

ई २८० सीडीआय बघत असाल तर व्ही आकाराच्या इंजिनाच्या मधोमध ऑइल कूलर असतो. त्याचे सील पाझरतात. सील स्वस्त, पण तिथवर पोचायला वरचं निम्मं इंजिन उतरवावं लागतं, म्हणजे बिल मजुरीचंच. पेट्रोल ई ३५० च्या सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचा (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) गिअर झिजतो आणि त्यासाठी इंजिनच बाहेर येतं. इंजिन नंबर तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत. एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशेब करा.

आणि बडोद्यात गाडी घेताना ऑगस्ट २०२४ विसरू नका. विश्वामित्रीचं पाणी समा, अकोटा, मुजमहुड्यात शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, आणि कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून बघणं ही सगळ्यात महाग चूक: पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनची दांडी वाकते, आणि इंजिनचं वेगळं कव्हर नसेल तर विमावाले बहुधा हात वर करतात.

गेल्या हिवाळ्यात भाच्यासाठी एक २००८ ची बघायला गेलो. पांढरी, चकचकीत, सीटवर नवं कव्हर, आत लिंबाच्या अत्तराचा घमघमाट. बॉनेटला हात लावला तर गरम. आम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलेलं. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ. मग डिकीतली फळी उचलायला सांगितली, तर मालक म्हणाला चावी लागत नाही, नंतर बघा. भाच्याला रंग फार आवडला होता. त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि न्यायमंदिराजवळ चहा पाजला.