बव्हेरियात मूल चौथीत जाण्याआधी

म्युनिकला नव्याने आलेले मराठी आईबाप मला हमखास विचारतात, "ताई, गणिताचा क्लास कुठे लावायचा?" गणिताचं राहू द्या. आधी जर्मनकडे बघा.

इथे, म्हणजे जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात, चौथीतच पुढच्या शाळेच्या वाटा फुटतात. मेच्या सुरुवातीला मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी असते. 1 सर्वांत चांगला, 6 सर्वांत वाईट. 2.33 पर्यंत गिम्नाझियम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत रेआलशुले (दहावीपर्यंतची मधली शाळा), नाहीतर मिटेलशुले (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी शाळा). आता हिशेब मांडा: गणित 1, परिसर अभ्यास 3, जर्मन 4. सरासरी 2.66. गणितात वर्गात पहिलं असलेलं मूल गिम्नाझियमला मुकलं! परिसर अभ्यासाचा पेपरही जर्मनमध्येच लिहायचा असतो. मुलाला सगळं समजलेलं असतं, पण वाक्यं जुळत नाहीत. हे बघून माझा जीव तुटतो.

म्हणून किंडरगार्टनपासूनच लागा. मुलाला 240 तासांचा जर्मनचा फोरकुर्स (शाळेआधीचा भाषावर्ग) करायला सांगितला तर कमीपणा मानू नका, लगेच हो म्हणा. पुढे शाळेनंतर होर्टमध्ये, म्हणजे दुपारच्या पाळणाघरात, पाठवा. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले म्हणून होर्ट सोडू नका. दुपारच्या खेळात, भांडणात जी भाषा येते ती घरी येत नाही. शहराच्या लायब्ररीचं कार्ड मुलांना मोफत आहे, ते काढा.

घरी मात्र मराठीच. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मुलाशी बोलू नका. शाळेत काय शिकवलं ते मराठीत नीट सांगायला लावा. ज्याला एका भाषेत मुद्देसूद सांगता येतं त्याला दुसरीत मांडणं सोपं जातं, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

तिसरीतच बाईंची वेळ घेऊन भेटा आणि "वर्गात बोलतो का?" एवढं नक्की विचारा. आपली मुलं आदर म्हणून गप्प बसतात, इथे तोंडी सहभागालाही गुण असतात.

सरासरी हुकलीच तर मे महिन्यात जर्मन आणि गणिताची तीन दिवसांची प्रवेश चाचणी देता येते. एकात 3 आणि दुसऱ्यात 4 मिळाले की प्रवेश पक्का. दोन्हींत 4 आले तर निर्णय आईबापांच्या हातात. तेव्हा मुलाला विचारून ठरवा. रेआलशुलेच्या दहावीनंतर फाखओबरशुलेत (अकरावीपासूनच्या व्यवसायाभिमुख शाळेत) जाऊन तेरावीला आबिटूर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची शालान्त परीक्षा, करता येतं, तिथूनही विद्यापीठाची दारं उघडतात.