बॉनेटला झरोके पाडण्याआधी आणि पाडताना

लहान हॅचबॅकच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, जोडला की ताकद वाढते, बॉनेटखालची जागा मात्र तेवढीच राहते. जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनाच्या एक्झॉस्टचे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि तो गोळा करणाऱ्या तापलेल्या नळांपासून (मॅनिफोल्ड) वीतभर अंतरावर वायरिंग, बॅटरी आणि एअर फिल्टर बसलेले असतात. इंजिनात जाणारी हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे टर्बोवर केलेल्या खर्चाचा काही वाटा ही उष्णताच खाऊन टाकते. बॉनेटला झरोके पाडणे हा यावरचा योग्य उपाय आहे. परंतु माझ्या मते क्रमाने तो तिसरा येतो आणि पहिले दोन झाल्याशिवाय पत्र्याला ग्राइंडर लावू नये.

पहिले काम म्हणजे उष्णता जिथे निर्माण होते तिथेच तिला आवर घालणे. तापलेल्या धातूतून होणारे उत्सर्जन केल्व्हिनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यासमोर आडवा धरलेला साधा स्टीलचा पत्रासुद्धा मोठा फरक पाडतो. हा पत्रा मॅनिफोल्डला चिकटवू नये. मध्ये १० ते १५ मिलिमीटर पोकळी ठेवावी, म्हणजे त्यातून हवा वाहत राहते. टर्बोच्या गरम बाजूवर ब्लँकेट आणि डाऊनपाइपवर (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) उष्णता रोखणारी कापडी पट्टी, म्हणजे हीट रॅप, गुंडाळता येतो. मात्र हा रॅप ओल धरून ठेवतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत त्याखालचा साध्या लोखंडाचा पाइप कुणाच्या नकळत गंजत जातो. पाइप स्टेनलेस स्टीलचा नसेल तर रॅपऐवजी पत्र्याचे कवचच बरे.

दुसरे काम हवेच्या वाटेचे आहे. समोरून येणारी हवा नेहमी सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट असली तरी ती जाळीतून जाण्याऐवजी त्या फटीतून निसटते. म्हणून बंपर आणि रेडिएटर यांमधल्या सर्व फटी फोमच्या पट्ट्यांनी किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने बंद कराव्यात. मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) बसवताना गॅरेजमध्ये फॅनचे मूळ आवरण काढून टाकले जाते आणि उघडा फॅन थेट रेडिएटरला बांधला जातो. असा फॅन आपल्या पात्यांसमोरच्या गोलातूनच हवा ओढतो आणि उरलेली जाळी निरुपयोगी ठरते. पूर्ण जाळी झाकणारे आवरण परत बसवावे, जागा नसेल तर पत्र्याचे करून घ्यावे. इंजिनाखालचा प्लास्टिकचा ट्रे काढल्याने गाडी थंड राहते असा समज आहे, पण पुष्कळ गाड्यांत गरम हवा खालून ओढली जावी यासाठीच त्या ट्रेला आकार दिलेला असतो. मोजून पाहिल्याशिवाय तो काढू नये.

आता झरोक्यांकडे वळू. झरोक्यातून हवा बाहेर पडते ती दाबाच्या फरकामुळे. बॉनेटचा पुढचा उतार संपून पत्रा सपाट होऊ लागतो तिथे बाहेरचा दाब कमी असतो. वायपरजवळ, काचेच्या पायथ्याशी, हवा अडते आणि दाब वाढतो. त्यामुळे झरोक्यांची जागा सहसा बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या किंचित मागे सापडते. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याची युक्ती याच कारणाने फसवी आहे: सिग्नलला उभे असताना थोडी वाफ बाहेर जाते खरी, पण वेग घेतल्यावर हवा उलट आत शिरू लागते. शिवाय केबिनसाठी ताजी हवा तिथूनच घेतली जाते, आणि एक्झॉस्टचे गॅस्केट कुठे गळत असेल तर तो विषारी वायू थेट एसीच्या नळीत जातो.

या दाबाला वेगाचे बंधन आहे, आणि आपल्या घाटांत तेच निर्णायक ठरते. ताशी १२० किलोमीटर वेगाला वाहत्या हवेचा गतिज दाब सुमारे ६८ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, ६० ला तो १७ वर येतो, आणि खंबाटकी किंवा ताम्हिणी चढताना ट्रकमागे ३० च्या वेगाने रांगत असाल तर जेमतेम ४ उरतो. म्हणजे इंजिनावर भार सर्वाधिक असतो तेव्हाच झरोक्याची ओढ सर्वांत दुबळी असते, आणि सगळी भिस्त फॅनवर येते. झरोका तेव्हाही उपयोगी पडतो, कारण फॅनने ढकललेल्या हवेला वाट मिळते आणि इंजिन बंद केल्यावर गरम हवा आपोआप वर निघून जाते. पण शर्यतीच्या ट्रॅकवरील गाड्यांत दिसणारा परिणाम घाटात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जागा अंदाजाने न ठरवता मोजावी. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून एका फळीवर बसवावी आणि तिच्यात रंगीत पाणी भरावे. एका बाजूच्या नळीचे टोक बॉनेटखाली, फॅनच्या थेट झोतापासून दूर ठेवावे. दुसऱ्या बाजूची बारीक नळी बॉनेटवर टेपने सपाट चिकटवावी, तिचे टोक बंद करावे आणि बाजूला छोटे भोक पाडावे, म्हणजे वाऱ्याचा सरळ मारा न मोजता त्या जागेचा स्थिर दाब मिळतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एकच वेग धरून शेजारी बसलेल्याने दोन्ही पातळ्यांतला फरक लिहावा, मग गाडी थांबवून नळी पुढच्या खुणेवर न्यावी. बाहेरचा दाब जिथे सर्वांत कमी भरेल ती आपली जागा.

कापण्याआधी बॉनेट उलटे करून आतला सांगाडा पाहावा आणि त्याच्या पट्ट्यांना हात लावू नये, कारण बॉनेटची ताकद आणि अपघातात ते ठरलेल्या जागी दुमडण्याचा गुण त्यांच्यातच असतो. पट्ट्यांमधल्या मोकळ्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून, कोपरे गोल ठेवून जिगसॉने कापावे. चौकोनी कोपऱ्यापासून चीर जाते. झरोक्याची तोंडे मागच्या बाजूला उघडणारी असावीत आणि पुढच्या कडेला १० ते १५ मिलिमीटर उंचीची ओठासारखी पट्टी द्यावी, म्हणजे तिच्यामागे दाब आणखी उतरतो. पुढे तोंड असलेला उंचवटा केवळ शोभेसाठी लावू नये. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरवर तो आहे, पण तो इंजिनावर बसवलेल्या इंटरकूलरला हवा पोहोचवतो. आपल्याला हवा बाहेर काढायची आहे. सुरुवात लहान झरोक्याने करावी आणि कापलेल्या कडांना त्याच दिवशी प्रायमर लावावा.

पावसाचा विचार आपल्याकडे नंतर करून चालत नाही. झरोक्याखाली इग्निशन कॉइल, अल्टरनेटर किंवा फ्यूज बॉक्स येत असेल तर २ ते ३ सेंटिमीटर अंतर ठेवून ॲल्युमिनियमची पन्हळ बसवावी. हवा तिच्या कडेने वर जाते आणि पाणी नळीवाटे खाली, गरम मॅनिफोल्डपासून दूर सोडता येते. जून ते सप्टेंबर आणि गाडी धुताना लावायला एक झाकण करून ठेवावे.

कायद्याच्या बाजूने पाहता, नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. इंजिनाचा बदल आणि झरोके या दोन्हींबाबत आरटीओकडे आधी चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, नाहीतर दावा अडू शकतो.

काम झाल्यावर त्याच चढावर, त्याच वेळी, एसी चालू ठेवून आधीच्या आकड्यांशी तुलना करावी. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणारे उपकरण) दिसते. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आणि फ्यूज बॉक्सजवळ मल्टिमीटरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावावा. चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर खरे तापमान दाखवत नाही. कूलंट तसेच राहून फक्त बॉनेटखालची हवा थंड झाली असेल तर झरोका आपले काम करत आहे, आणि कूलंटसाठी पुन्हा फॅन व रेडिएटरच्या फटींकडे जावे लागेल.