उन्हात राबताना पाणी कसे प्यावे

शेतात किंवा बांधकामावर उन्हात काम करणाऱ्याने पाण्याचे प्रमाण ठरवताना शरीरातील संप्रेरकांचे काम लक्षात घ्यावे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्राव गाळतात, पण त्यातील बहुतेक परत रक्तात शोषला जातो आणि लघवीवाटे एक ते दोन लिटरच बाहेर पडतो. घामामुळे रक्तातील क्षारांची संहती (दाटपणा) एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली, तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला ते कळते. तेथे तयार झालेले व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून रक्तात सुटते, मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिका त्यामुळे अधिक पाणी परत घेतात आणि लघवी कमी व गडद होते.

म्हणून तहानेची वाट न पाहता लघवीच्या रंगाकडे लक्ष द्यावे. फिकट पिवळा रंग ठीक. दुपारीही ती गडद असेल, तर पाणी कमी पडते आहे. (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी तशीही गडद पिवळी होते, त्यामुळे ती घेणाऱ्याला ही खूण फसवते.) कामावर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे.

मात्र अधिक पाणी म्हणजे अधिक सुरक्षितता, हा समज घातक आहे. एरवी जास्त पाणी प्यायल्यावर व्हॅसोप्रेसिन थांबते आणि जादा पाणी बाहेर जाते; पण दीर्घ श्रम, वेदना किंवा मळमळ असताना ते स्रवतच राहते, पाणी साचते आणि रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल या सामान्य किमान पातळीच्या खाली घसरू शकते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींचे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडियम राखून ठेवते खरे, परंतु त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. त्यामुळे तासाला एक लिटरच्या फार पुढे जाऊ नये आणि जेवण चुकवू नये. घामावाटे गेलेले मीठ भाजी-भाकरी आणि मीठ घातलेल्या ताकातून भरून निघते.

संध्याकाळी मद्य टाळावे, कारण ते व्हॅसोप्रेसिनच दाबते. जुलाब लागल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट-घोट द्यावे. चमचा चहाचाच घ्यावा. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये. अंग ओले करून वारा घालत त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.